मागच्या दारानं उतरलेली

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटो न पटो. माझ्या सख्ख्या थोरल्या भावाच्या बाबतीत घडलीय, आणि अर्धी तर मी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलीय. भुताखेतांची टिंगल करण्यात मी सगळ्यांच्या पुढे असायचे. आता नाही करत.

फेब्रुवारी महिना. जपानातल्या शिन्शूच्या डोंगरातलं निरेसावा स्टेशन. दिवेलागणीची वेळ.

निरेसावाला रूळ संपतात. खालच्या शहरातून दोन डब्यांची गाडी तिथवर येते, आणि तिथून पुढे आमच्या वरच्या गावांना बस. ती बस माझा भाऊ इवाओ चालवायचा. मी त्याला दादा म्हणते. स्टेशनात ना मास्तर, ना तिकीटवाला. एक बाक, एक रॉकेलची शेगडी, बस्स.

आमच्याकडे एक रीत आहे. गाडी कितीही उशिरा येवो, बस तिच्यासाठी थांबते. बसला उशीर झाला तर गाडी थांबते. बर्फात माणूस मागे टाकून कुणी निघत नाही. शेवटचा उतारू बसमध्ये चढला की दादा त्याच्याकडे बोट दाखवून मोठ्यानं म्हणायचा, "बसले! फलाट रिकामा! चला!" आमच्याकडचे सगळेच चालक असं बोट दाखवून बोलतात, पण दादाच्या आवाजानं शेगडीजवळचं मांजरही उठून बसायचं.

सुमिएवहिनी, त्याची बायको, यावरून त्याला चिडवायची.

"बस गाडीसाठी थांबते, गाडी बससाठी थांबते. तुम्ही मात्र माझ्यासाठी कधी थांबला नाहीत हो!"

त्या हिवाळ्यात वहिनी शहरातल्या इस्पितळात होती. पोटाचं दुखणं. मी तिच्या उशाशी होते. त्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ज्यांना बोलवायचंय त्यांना आजच बोलवा."

मी दादाला फोन लावला.

"दादा, असशील तसा नीघ."

"अगं तामे, बस कोण नेईल? संध्याकाळच्या गाडीनं हिसानोरी येतोय, बदली चालक. तो उतरला की त्याच्या हाती बस देतो, आणि तीच गाडी परत फिरते ना, तिच्यात बसून येतो."

"खड्ड्यात गेली ती बस!"

"शाळेची पोरं अडकतील गं. बर्फ बघतेस ना?"

वहिनीनं हात पुढे करून फोन मागितला. आवाज पार खोल गेला होता, जीभ मात्र तीच.

"अहो, पोरांना टाकून आलात तर मी तुमच्याशी बोलायची नाही. संध्याकाळच्या गाडीनं या. मी थांबते."

"नक्की थांबशील?"

"गाडी थांबते, तशी."

दादा रडला असावा. नाक ओढल्याचा आवाज मला फोनबाहेरही ऐकू आला.

आता पुढचं दादाच्या तोंडून ऐकलेलं. त्यानं ते मला किती वेळा सांगितलं असेल, देव जाणे. एकदाही एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

दिवसभर त्याचा जीव टांगणीला लागला होता. पोरं घरी पोचवली, आणि संध्याकाळी त्यानं निरेसावाला बस लावली. वरच्या गावांतून कुणी उतारू आला नव्हता. काखेत कपड्यांची पिशवी, आणि वहिनीला आवडतात म्हणून भोपळ्याचं सारण भरलेल्या गरम ओयाकी, फडक्यात गुंडाळलेल्या. तो फलाटावर उभा राहिला.

बर्फ पडत होतं.

वारा थांबला...

मग शेगडीची फुरफुर थांबली. सकाळीच तर त्यानं रॉकेल भरलं होतं.

सगळे आवाज असे विझले की त्याला स्वतःचं मनगटी घड्याळ ऐकू येईना. त्यानं ते कानाला लावून पाहिलं. चालू होतं. पण आवाज नाही.

मग गाडीचा दिवा दिसला. दोन डबे हळूहळू येऊन थांबले.

आता इथे नीट ऐका. बिनमास्तरच्या स्टेशनात गाडीचं फक्त पुढचं दार उघडतं. चालक तिथेच उभा राहून तिकिटं घेतो. मागचं दार बंदच असतं. आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा उतरायचं असलं की आधीच पुढे जाऊन उभं राहतं.

त्या दिवशी मागचं दार उघडलं...

आणि वहिनी खाली उतरली.

जांभळा कोट. डोक्याला रुमाल. खांद्यावर बर्फ. चांगली आपल्या पायांवर चालत आली.

"सुमिए! अगं, तू? सोडलं तुला?"

"सोडलं."

"एकटीच आलीस? तामे कुठाय?"

"घरी जायचंय."

सकाळी जिची आशा सोडली होती ती बायको समोर उभी. अशा वेळी माणूस उलटतपासणी घेत बसतो होय? दादाच्या डोळ्यांना धार लागली. त्याला वाटलं, डॉक्टर लोक उगाच घाबरवतात. वाटलं, आजारी बाई बघून चालकानं मागचं दार उघडलं असेल. तो जांभळा कोट आपण सकाळीच घरी खुंटीला पाहिलाय, हे त्याला आठवलंच नाही.

त्यानं फलाटावर नजर टाकली. हिसानोरीचा पत्ता नव्हता. "गाडी चुकवली वाटतं गाढवानं," असं पुटपुटत दादानं वहिनीला बसमध्ये चढवलं. आता खाली जायचं कारणच उरलं नव्हतं. ती त्याच्या मागच्याच बाकावर बसली, नेहमीच्या जागी.

दादानं बोट दाखवलं.

"बसले! फलाट रिकामा! चला!"

इतक्या आनंदानं तो आयुष्यात कधी ओरडला नव्हता.

बस घाट चढू लागली. दादाची बडबड चालू होती. "आता पथ्य मी करून घालीन. तू नुसती बसून हुकूम सोड. नाहीतरी तेच तर करतेस!" यावर वहिनीनं एरवी त्याची सालटी काढली असती.

मागून काहीच आलं नाही.

"त्या फडक्यात ओयाकी आहेत. घे ना, गरम आहेत अजून."

फडकं उलगडल्याचा आवाज नाही...

पुढे धरणाचं वळण आलं. लग्न झाल्यापासून वहिनी त्या वळणावर एकच वाक्य बोलायची. "अहो, हळू! मला एवढ्यात मरायचं नाहीये." एकदासुद्धा चुकली नव्हती. दादानं मुद्दाम वेग जरा जास्त ठेवला, आणि ओरडा खायला कान टवकारले.

वळण गेलं.

काहीच नाही.

तेव्हा पहिल्यांदा त्याला शंका आली. त्यानं आरशात पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती. हसत होती. बसमध्ये हीटर घरघरत होता, पण तिच्या खांद्यावरचं बर्फ... तसंच होतं. दादाच्या श्वासानं समोरची काच धुरकटत होती, तो पुन्हा पुन्हा पुसत होता. तिच्या शेजारची काच लख्ख होती.

"सुमिए... अगं, बोल ना काहीतरी."

"घरी जायचंय."

तोच सूर, फलाटावरचा. जसाच्या तसा.

दादाला उतरून पळावंसं वाटलं. पण बस थांबवणार कुठे? एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला बर्फाची भिंत. आरशात पुन्हा बघायची हिंमत नव्हती. तो नुसता रस्ता बघत राहिला.

घरचा थांबा जवळ आला.

टिंग...

उतरायची घंटा वाजली. कुणीतरी बटण दाबलं होतं.

त्यानं बस थांबवली. दार उघडलं. देवाचं नाव घेऊन मागे वळला.

बाक रिकामा.

ओयाकी फडक्यात तशाच. बाहेर ताजं बर्फ, आणि त्यावर एकही पाऊल नाही. तो धडपडत घराकडे पळाला. दार लोटलं. अंधार. दिवा लावला. जांभळा कोट खुंटीला होता.

खांद्यावर बर्फ होतं.

आणि घरातला फोन वाजत होता. तो फोन माझा होता.

आता माझी बाजू सांगते. वहिनीच्या खोलीच्या खिडकीतून शहराच्या स्टेशनाचा फलाट दिसतो. दुपारपासून ती एकच विचारत होती, "गाडी आली का गं?" मी म्हणायचे, अजून नाही. ती म्हणायची, "बरं, थांबते." डॉक्टर येऊन गेले. मान हलवून म्हणाले, ही बाई कशावर तग धरून आहे कळत नाही. मला कळत होतं.

अंधार पडल्यावर गाडी आली. मी काचेला नाक लावून पाहत होते. दोन-चार माणसं उतरली... दिवे विझले... दादा नाही.

"आला का?" मागून आवाज आला.

काय सांगणार होते मी?

"आला वहिनी. जिना चढतोय."

तिनं दाराकडे मान वळवली. तोंडभर हसली. "अहो, हळू," म्हणाली. "घसराल."

नजर दारावर होती, तिथेच राहिली.

मी फोन लावला. पलीकडे दादा धापा टाकत होता. मी काही बोलायच्या आतच म्हणाला, "तामे, अगं सुमिए आत्ता इथे उतरली, पण कुठे दिसत नाही. आजारी माणसाला एकटीला कशी पाठवलीस तू?"

 मी तिथेच खाली बसले.

तुम्ही म्हणाल, जाता जाता वहिनी भेटून गेली. सगळे असंच म्हणतात. अहो, पण दादानं तिला फलाटावर पाहिलं तेव्हा वहिनी जिवंत होती! तिचा हात माझ्या हातात होता. दादा त्या गाडीत बसला असता तर तिच्या उशाशी पोचला असता.

मग ती कोण उतरली?

हिसानोरी दुसऱ्या दिवशी आला. पांढराफटक पडला होता. दादासमोर गुडघे टेकून बसला.

"काका, मी आलो होतो हो. पुढच्या दारानं उतरलो, तुमच्या समोर उभा राहून दोन्ही हात हलवले. तुम्ही बघितलंच नाहीत. कुणाशी तरी बोलत बसमध्ये चढलात, रिकाम्या बाकाला बोट दाखवून 'बसले' म्हणालात, आणि निघून गेलात. गाडी तुमच्यासाठी थांबली होती. चालकानं शिट्टीवर शिट्टी मारली. तुम्हाला ऐकू नाही आली?"

"मागचं दार?" दादानं विचारलं.

"मागचं दार उघडलंच नव्हतं, काका."

त्यानंतर दादानं बस हातात घेतली नाही. वहिनी थांबली होती आणि आपण गेलो नाही, हा सल त्याला आतून खात राहिला. मी आपली समजूत घालायचे. पण अशा गोष्टीला समजूत कसली डोंबलाची?

गेल्या हिवाळ्यात दादा त्याच इस्पितळात होता. मी दोन दिवसांसाठी वर घर बघायला आले होते. दुपारी नर्सचा फोन आला, लगेच निघा. हिसानोरीनं मला बसनं निरेसावाला आणून सोडलं, आणि तो बस वळवायला गेला. मी फलाटावर एकटी. मनाशी पक्कं केलं होतं, आकाश कोसळलं तरी मी गाडीत बसणार. दादाच्या बाबतीत झालं ते माझ्या बाबतीत होऊ द्यायचं नाही.

वारा थांबला...

शेगडी विझली...

गाडी आली. आणि मागचं दार उघडलं.

दादा उतरला. अंगात चालकाचा गणवेश, डोक्यावर टोपी. माझ्याकडे बघून हसला. माझी पाचावर धारण बसली, पण मी नजर जमिनीला खिळवली. "तू दादा नाहीस," मी म्हटलं. "चालता हो! मला माझ्या भावाकडे जायचंय." त्याच्या बाजूनं गेले आणि पुढच्या दारानं आत चढले.

तो अडवायला आला नाही. घरी चल म्हणाला नाही. काहीच बोलला नाही.

गाडी हलली तेव्हा न राहवून मी एकदा वर पाहिलं. तो बर्फात उभा होता. हात वर करून त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. ओठ हलले. काचेतून आवाज आला नाही, पण ते शब्द मला पाठ आहेत.

बसले. फलाट रिकामा. चला.

इस्पितळात पोचले तर नर्स दारातच भेटली. "तुमची भेट काही झाली नाही हो," म्हणाली. "तुम्हाला फोन केला आणि पाठोपाठच गेले. तुम्ही गाडीत बसायच्या कितीतरी आधी."

म्हणजे तो दादाच होता? मला बर्फात सुखरूप गाडीत बसवून द्यायला आलेला? आणि मी त्याला चालता हो म्हणाले.

की तोही नव्हता?

रात्र रात्र मी यावर विचार करते. 

आता मलाच पोटात दुखतंय. वहिनीसारखंच. परवा त्याच इस्पितळात भरती व्हायचंय. माझी मुलगी म्हणते, "आई, तू पुढे जा. मी वरची कामं उरकून संध्याकाळच्या गाडीनं येते."

म्हणजे ती निरेसावाला उभी राहणार. फलाटावर एकटी.

मी तिला दिसले, तर तिनं काय करायचं? जवळ यायचं की पाठ फिरवायची?

काय सांगून जाऊ मी तिला?