कच्च्या कामाचा कागद

दर शनिवारी सकाळी दहा वाजता मास्तर संगणकाची साफसफाई करायला बसत. कीबोर्डवरचं फुलाफुलांचं कापडी झाकण काढून घडी घालायची, दाढीच्या जुन्या ब्रशानं बटणांमधली धूळ झाडायची, पडदा कोरड्या फडक्यानं पुसायचा आणि मग आतला कचरा काढायचा. झाकण बाईंनी शिवलेलं. मास्तर आणि बाई एकाच शाळेत शिकवायचे. लग्न झाल्यावरही मास्तर बायकोला बाईच म्हणत राहिले. बाईंना जाऊन आता सात महिने झाले होते.

आतला कचरा कसा काढायचा ते मुलीनं फोनवरून शिकवलं होतं.

"बाबा, टेम्पररी फाइल्स उडवायच्या. बिनधास्त."

"पण त्या असतात कशाला?"

"गणित सोडवताना बाजूला कच्चा कागद घ्या, असं तुम्हीच सांगायचात ना? संगणकही घेतो. फक्त काम झाल्यावर फेकायला विसरतो."

"म्हणजे माझ्याच वर्गातला दिसतोय," मास्तर म्हणाले.

नवराबायकोची एक पद्धत होती. बाई शाळेतल्या मुलांसाठी गोष्टी टाइप करायच्या आणि फाइल तशीच उघडी टाकून स्वयंपाकघरात जायच्या. सेव्ह करणं त्यांना कधी जमलंच नाही. मग मास्तर येऊन खाली लाल अक्षरांत लिहायचे, 'शेवट घाईत उरकलात.' बाई परत येऊन काळ्या अक्षरांत उत्तर द्यायच्या, 'भुकेची घाई तुम्हालाच होती.' सगळा संसार असा एका पडद्यावर, पाळीपाळीनं.

त्या शनिवारी टेम्पररी फाइल्सच्या यादीत एक फाइल त्याच दिवशीची निघाली. वेळ सकाळची, नऊ चाळीस. मास्तर तेव्हा आंघोळीला गेले होते. त्यांनी ती उघडली. काळ्या अक्षरांत एकच ओळ होती.

'निळा शर्ट सैल होतोय. जेवता ना नीट?'

निळा शर्ट मुलीनं मागच्याच महिन्यात पाठवला होता. तोच त्यांच्या अंगात होता.

मास्तर गणिताचे. त्यांनी आधी संगणकातली तारीख मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिली. दाराची कडी पाहिली. मग मुलीला फोन लावला.

"तू तिकडून माझ्या संगणकात काही लिहिलंस का गं?"

"मी? मी आत्ता भाजी निवडतेय. बाबा, झोप लागते ना तुम्हाला?"

"लागते, लागते," म्हणत त्यांनी फोन ठेवला. त्या दिवशी त्यांनी काहीच उडवलं नाही. दुपारी मात्र एक घास जास्त खाल्ला.

पुढच्या शनिवारी ओळ होती, 'खिडकीची खिट्टी निसटतेय.' मास्तरांनी जाऊन पाहिलं. खिट्टी खरंच निसटत होती. त्याच्या पुढच्या शनिवारी चष्म्याच्या काडीबद्दल काहीतरी होतं. मास्तर शनिवारची वाट पाहू लागले. कचरा काढणं बंदच झालं, कारण कचऱ्यातच बाई होत्या. मुळातच तुडुंब भरलेला संगणक धापा टाकायला लागला. जागा संपत आल्याची सूचना दर पाच मिनिटांनी पडद्यावर यायची आणि मास्तर ती बंद करायचे.

सहाव्या शनिवारी ओळ अर्धीच आली.

'एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी दवाखान्यात तुम्ही चहाला खाली गेलात, तेव्हा मी'

पुढे कोरं. खाली सूचना होती: जागा शिल्लक नाही.

मास्तरांनी ती ओळ पुन्हा वाचली. दहा मिनिटं. दहाच मिनिटं ते खाली गेले होते. वर आले तेव्हा नर्स पलंगाभोवतीचा पडदा ओढत होती. बाईंनी आपल्याला हाक मारली असेल का? आठ महिने हा एकच प्रश्न त्यांच्या उशाशी बसून होता.

उरलेल्या ओळीसाठी जागा हवी होती. बाईंच्या ओळी पुसायला हात धजेना. मग मास्तरांनी स्वतःचं काढायला घेतलं. तीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका. वर्गांचे फोटो, एकेका मुलाला नावानिशी ओळखून. निवृत्तीच्या दिवशीचं भाषण. संगणक दर वेळी विचारायचा, नक्की काढायचं? मास्तर दर वेळी हो म्हणायचे. आठवडाभरात त्यांचं म्हणून आत काही उरलं नाही.

"अहो बाबा, फोटो कशाला उडवलेत?" मुलगी फोनवर जवळजवळ ओरडलीच. "मी कचरा म्हणाले होते!"

"जागा हवी होती."

"कुणाला?"

पोरांशी खोटं बोलायची मास्तरांना सवय नव्हती. "शनिवारी सांगतो," एवढंच ते म्हणाले.

शनिवारी त्यांना ब्रश, फडकं, कशाचंच भान नव्हतं. खुर्चीत बसता बसता त्यांनी माउस हातात घेतला. यादीत नवी फाइल होती.

'तेव्हा मी हाक मारली नव्हती. झोपेतच गेले. उगाच जिवाला लावून घेऊ नका.'

मास्तरांनी चष्मा काढला. निळ्या शर्टाच्या टोकानं डोळे पुसले. कितीतरी दिवसांनी छातीभर श्वास आला.

चष्मा लावून त्यांनी पान खाली सरकवलं. अजून एक ओळ होती.

'आता मारू का हाक?'

तिच्याखाली, लाल अक्षरांत, एक शब्द.

'मारा.'

मास्तरांनी हळूच खाली पाहिलं. कीबोर्डवर फुलाफुलांचं झाकण तसंच होतं, चारही कोपरे नीट ओढलेलं.