आर्गिरोचं नाव

ऐकून हसलात तरी चालेल, पण यात पदरचं काही नाही. मरियामातेच्या तसबिरीला हात लावून सांगतोय.

गेल्या ऑगस्टमध्ये, मातेच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी घडलं. आमच्या क्रीट बेटावर, दरीच्या तोंडाशी जी गुहा आहे तिथे. आत छोटं चर्च आहे.

पाहुण्यांना मी दरी दाखवतो, किल्ला दाखवतो, शेवटी गुहा. बायको आर्गिरो दिव्यात तेल घालायला सोबत येते.

समुद्री चाचे आले तेव्हा गाव त्या गुहेत लपलं होतं.

सगळे बाहेर आले नाहीत...

तेव्हापासूनची रीत. शेवटी निघणाऱ्याचं नाव बाहेरच्यानं घ्यायचं, ‘चल’ म्हणायचं. मगच त्यानं उंबरा ओलांडायचा.

त्या दिवशी मी आत स्तोत्र गायलो. पाद्रीबाबा शुभवर्तमान गाऊन वाचतात तेव्हा माझे डोळे भरतात, आणि स्वतः गाताना तर भानच राहत नाही. मागून आर्गिरो म्हणाली, “अरे झकारिया, हळू. बकऱ्या हाकायच्या नाहीत, संत झोपलेत.”

पाहुणे हसले. मला लागलं.

सगळे बाहेर आलो. मागे ती एकटी.

“नाव घे की रे. निघते मी.”

मी घेतलं नाही. खाली पाहुण्यांची होडी खोळंबलीय, असं स्वतःलाच सांगितलं आणि चालू लागलो.

थोड्या वेळानं ती मागून आली. आपली आपण.

घरी तिनं पाव कापला, ऑलिव्ह वाढले. सगळं नेहमीसारखं...

फक्त थट्टा नाही.

सणाच्या प्रार्थनेत तिचे ओठ हलत होते... आवाज नव्हता. मी मुद्दाम एक ओळ बेसूर गायलो. तिनं मान वळवली नाही.

पाद्रीबाबांना सांगितलं. ते म्हणाले, गुहेपाशी जा, हाक मार, पण मायेनं मार.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी निघालो. ती अंगणात बदाम फोडत बसली होती.

दरीत किडे किरकिरत होते. गुहेपाशी पोचलो आणि ते एकदम थांबले...

आतून गुणगुण आली.

माझंच स्तोत्र. अगदी सुरात.

मी उंबऱ्याशी गुडघे टेकले. “आर्गिरो, चुकलो गं. चल घरी.”

गाणं थांबलं.

दाराआडून, हाताच्या अंतरावरून आवाज आला...

“आता कुठे येऊ रे? घरी एक आहे ना.”

वर्ष होत आलं. घरातल्या तिला आर्गिरो म्हणायला माझी जीभ सहज वळत नाही.

ती रोज घरातल्या तसबिरीपुढच्या दिव्यात तेल घालते. मग दाराबाहेर जाऊन उंबऱ्याशी उभी राहते...

मी नाव घेईपर्यंत.