मीरिमचे शब्द गेले कुठे?

“महिनाअखेरीस गाडी येणार आणि मीरिमला शहरात नेणार!” एर्मेक धापा टाकत म्हणाला. “न बोलणाऱ्या मुलांच्या शाळेत. तिथेच ठेवणार!”

अल्तिनायने हातातली बादली खाली ठेवली. त्यांची चार वर्षांची बहीण मीरिम घोडीकडे बोट दाखवून नुसतं “उं!” म्हणाली.

“मागच्या उन्हाळ्यात केवढी बडबडायची! मग शब्द गेले कुठे? शोधायचंच!” अल्तिनाय म्हणाली.

दिवसभर दोघांनी पाळत ठेवली. मोठी माणसं मीरिमशी जे बोलतील, ते वहीत टिपायचं. संध्याकाळी वहीत चारच शब्द होते: खा, ये, झोप, नको.

“एजे, हे तर मीरिमपेक्षा मुके!” एर्मेक मोठ्या बहिणीला म्हणाला.

अल्तिनाय हसली नाही. शरदात आजी गेली, तेव्हा आजोबांनी सांगितलं होतं, तिच्या वर्षश्राद्धाचं जेवण होईपर्यंत तंबूत गाणं नाही, गोष्ट नाही. दूध काढताना मीरिमशी अखंड बोलायची, ती आजीच.

“आजोबांना सांगितलं तर दुखावतील रे.”

“अभ्यासाला कधी नाही म्हणालेत ते?”

सकाळी दोघं वह्या घेऊन हजर!

“आजोबा, सुट्टीचा अभ्यास! कुरणावरच्या प्रत्येक गोष्टीचं नाव हवंय.” अल्तिनायने मीरिमला त्यांच्या मांडीवर बसवलं.

“इतकंही येत नाही? शाळेत काय झोपा काढता?” आजोबा कुरकुरत सुरू झाले. हे खोगीर, ते आवळायचा हा तंग, पाय ठेवायची ही रिकीब. तांबूस-काळा कुमाईत घोडा कोणता, पांढऱ्या ठिपक्यांचा अबलख कोणता. रोज तासभर! बुधल्यात दूध घुसळता घुसळता आईही भर घालू लागली. मीरिम ओठ हलवत ऐकायची, पण बोलायची नाही.

महिना संपला. गाडी आली. मीरिमच्या कपड्यांचं बोचकं आत गेलं. बाबांनी मीरिमला उचललं, ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

“थांबा!” मीरिम किंचाळली. “अबलख शिंगरू चाकामागे निजलंय!”

ड्रायव्हरने खाली उडी मारली. खरंच निजलं होतं!

आई रडतच हसली. बाबांनी बोचकं खाली काढलं.

“हा अभ्यास कोणत्या गुरुजींनी दिला?” आजोबांनी विचारलं.

“कुणीच नाही,” एर्मेक पुटपुटला.

“लबाड कुठले! आम्हा म्हाताऱ्यांहून शहाणे निघालात!” आजोबांनी दोघांना जवळ ओढलं. मग त्यांनी शिंगराच्या मानेवरून हात फिरवला.

“मीरिम, याच्या आईला तुझी आजी लाडाने काय म्हणायची, ठाऊक आहे?”

आजीचं वर्ष भरायला अजून दोन महिने होते.

“सांगा,” मीरिम म्हणाली.

आजोबांनी सांगायला सुरुवात केली.