करंद्यांचा लोकभार

सागवेळ खाडीच्या प्रयोगशाळेत समतोलक, म्हणजे खाडीतला कोणता जीव आधी राखायचा ते ठरवणारं यंत्र, बसवला, तेव्हापासून डॉ. भार्गव करंदे यांना जेवण गोड लागत नव्हतं. यंत्राचा अर्धा भाग त्यांनी केला होता आणि अर्धा कादंबरी तांडेलनं. गाव मात्र सबंध यंत्राला ‘कादंबरीताईंचं यंत्र’ म्हणत होतं.

“गुणाकार कशाला? बेरीज चालली असती,” करंदे म्हणाले.

“बेरजेत नुसत्या लाडावर डॉल्फिन पास होतो, सर, आणि नुसत्या विज्ञानावर तुमचा किडा. जीव खाडीला किती लागतो, तो परिसंस्थाभार. माणसांना किती हवाय, तो लोकभार. एक शून्य झाला, की सगळं शून्य.”

करंद्यांच्या नळीकिड्याचा परिसंस्थाभार नऊ होता. त्याच्या बिळांमुळे चिखलात हवा खेळे आणि त्या चिखलावर कांदळवन उभं होतं. लोकभार शून्य.

दोघांनी एकेक जीव सुचवायचा होता. ज्याचा गुणाकार मोठा, त्याचा अधिवास राखीव, आणि सुचवणारा खाडीप्रमुख. रोज संध्याकाळी नवी मोजणी. करंदे अकरा वर्षं या पदासाठी उभे होते. अक्षरशः उभे. रोज सकाळी, चिखलात, एकाच बांबूपाशी, पाणी हाकलून लावेपर्यंत. कादंबरी सहा महिन्यांपूर्वी आली आणि तिला दारोदार चहा मिळत होता. करंद्यांना अकरा वर्षांत एकदा मिळाला होता, तोही दुसऱ्या कोणासाठी केलेला.

तिनं कोणता जीव सुचवलाय, ते बंद पाकिटात होतं. ती काठावर दुर्बीण लावून बसे. दुर्बीण कायम करंद्यांच्या दिशेला. म्हणजे मागच्या कांदळवनात पाणमांजर, हे त्यांनी ताडलं आणि पाणमांजराचा मनापासून द्वेष सुरू केला.

शेवटी ते किडा बरणीत घालून घरोघर निघाले.

“चावतो?” गोदामावशीनं विचारलं.

“नाही.”

“शिजतो?”

“नाही हो! तो श्वास घेतो.”

“आमचे मालकपण घेतात. त्यांना बरणीत घालून कोण फिरवत नाय.” मग जरा काळजीनं, “उद्या चिखलात आहात ना?”

“आहे. का?”

“असंच आपलं.”

निकालाला नळीकिड्याचा गुणाकार नऊ आला. लोकभार एक, तो गोदामावशीनं दयेपोटी दिलेला. मग पाकीट उघडलं. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘भार्गव करंदे. परिसंस्थाभार नऊ, लोकभार दहा.’

“हा काय चावटपणा आहे?”

“मोबाइलवरची भरतीची वेळ बंदराची असते, सर. इथे गाळामुळे ती रोज चुकते. बांबूवर खुणा केल्या होत्या, पण तो दर वर्षी खचतो. म्हणून गाव तुम्हाला बघतं. पाणी गुडघ्याला आलं, की जाळी भरायची. कंबरेला आलं, की होड्या लोटायच्या.”

“आणि परिसंस्थाभार?”

“तो तुमच्याच अर्ध्या यंत्रानं काढलाय. तुमच्या पावलांच्या खड्ड्यांत पाणी साचतं. किड्याची अंडी फक्त तिथे जगतात.”

करंदे क्षणभर सुखावले. दहा! मग खाडीप्रमुख ती झाली, हे लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी राखीव करंदे बांबूपाशी उभे राहिले. सगळा काठ त्यांच्याकडे बघत होता. तेवढ्यात शेजारी एक बगळा उतरला आणि लोक बगळ्याकडे बघू लागले. हे मात्र अती झालं. करंद्यांनी खोल पाण्याकडे दोन पावलं टाकली.

“कंबर झाली!” गोदामावशी ओरडली.

चौदा होड्या सुटल्या आणि हाकेच्या अंतरावर गाळात रुतल्या. गाव दुपारपर्यंत त्या उपसत होतं आणि करंद्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतं.

संध्याकाळी समतोलकानं हिशेब केला. करंदे: लोकभार शून्य, गुणाकार शून्य. आता पहिला नळीकिडा, गुणाकार नऊ. सुचवणारे, भार्गव करंदे.

“अभिनंदन, सर,” कादंबरी म्हणाली आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

पण किड्याला पावलं हवी होती आणि गावाला कंबर.

सकाळी खाडीप्रमुख करंदे पंख्याखाली, कोरड्या पायांनी बसले होते. खिडकीतून बांबू दिसत होता आणि त्याच्यापाशी गुडघाभर पाण्यात उभी असलेली कादंबरी. काठावर सारं गाव तिच्याकडे टक लावून बघत होतं.

करंद्यांनी दुर्बीण लावली. गोदामावशी साडी खोचून चिखलात उतरत होती. हातात चहाचा कप होता.