डावा स्पीकर, तीन बोटं पुढे

"तुमच्या दुकानात गाणारी बाई भिंतीत चिणली आहे का हो?"

चष्म्याच्या दुकानात असा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. निसटलेल्या काडीचा बारीकसा स्क्रू तिच्या चिमट्यात होता आणि समोरच्या उंच, विस्कटल्या केसांच्या गिऱ्हाइकाचा चष्मा तिच्या हातात. म्हणजे त्याला ती धड दिसतही नसणार. तो मान तिरकी करून तिच्यामागच्या फळीकडे कान लावून होता. तिथे फ्रेमच्या डब्यांआड दोन छोटे स्पीकर एकमेकांना खेटून बसले होते.

"त्यांना जरा लांब लांब ठेवा," तो म्हणाला. "मधे जागा असली, तरच त्या जागेत बाई उभी राहते."

"तुम्हाला दिसते?"

"चष्मा नसला की जास्त."

ती हसली नाही... दुकानात ती सहसा हसत नसे. स्क्रू मात्र दोनदा चिमट्यातून पडला.

तो पलीकडच्या रस्त्यावर स्पीकर विकायचा. आणि तिला स्पीकर हवेच होते, मावशीसाठी. ज्या मावशीनं तिला लहानाचं मोठं केलं, ती तरुणपणी साठ जणांच्या गायनवृंदात होती. त्यांची एकच रेकॉर्ड निघाली. तीत मावशी दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरी. पण घरच्या जुन्या स्पीकरच्या डब्यातून ते साठ जण एका पोत्यात कोंबल्यासारखे यायचे. त्यात मावशी कुठली सापडायला?

शनिवारी दुपारी ती त्याच्या दुकानात गेली. त्याची तऱ्हाच वेगळी. आवाज आवडला का, असं तो विचारतच नसे.

"डोळे मिटा. गाणारी कुठे आहे, बोटानं दाखवा."

पहिली जोडी तिच्या खांद्याएवढी उंच. आवाज असा दणदणीत की खुर्ची थरथरली, पण बोट कुठे रोखावं ते कळेना.

"हिला मोठी खोली लागते," तो म्हणाला. "तुमच्या खोलीत ही नुसती ओरडेल."

मग त्यानं साधी, मध्यम जोडी लावली. आणि समोरची भिंत गेली. खरंच गेली. व्हायोलिन डावीकडे, स्पीकरच्याही पलीकडे. ढोल लांब, मागे. आणि मधोमध गाणारीनं श्वास घेतला... तो घेतलेला ऐकू आला. तिचं बोट आपोआप उचललं गेलं.

डोळे उघडले तर बोटासमोर तोच उभा.

"गाणारी माझ्या मागे आहे," तो म्हणाला.

"मग तुम्ही मधे कशाला आलात?"

त्याचे कान लाल झाले. एवढ्या गुणी कानांना लाजताही येतं, याचं तिला फार कौतुक वाटलं.

तो स्वतः घरी आला बसवायला. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले, मावशीच्या खुर्चीपासून दोघांचं अंतर सारखं केलं, मोकळ्या भिंतीवर जाड पडदा टाकायला लावला. दीड तास रांगत होता बिचारा. शेवटी स्पीकरच्या कोपऱ्यांशी फरशीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा केल्या. एकदा खूण झाली की तो परत मोजत नसे.

रेकॉर्ड लागली. मावशीचं बोट हळूहळू वर आलं.

"ही मी," ती म्हणाली. "आणि ही माझी शेजारीण. मेली नेहमी अर्धा श्वास आधी सुरू करायची."

तो चष्मा काढून पुसत बसला. ती त्याच्याकडे बघत राहिली... आणि तिथेच तिचं बिनसलं.

कारण काम तर झालं होतं. आता तो यायचा कशाला?

चौथ्या दिवशी तिनं डावा स्पीकर तीन बोटं पुढे सरकवला. रोज अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब करणारी बाई ती. चिकटपट्टीही सोडवून तेवढीच पुढे लावली, अगदी काटेकोर. मग फोन केला.

"कोरस एका बाजूला कललाय."

तो आला. ऐकताक्षणी म्हणाला, "हो, कललाय." खुणा पाहिल्या, त्या जागेवर. पडदा हलवला, वायरी बदलल्या, चहा प्यायला, विचार करून सांगतो म्हणाला. तो गेला की ती सगळं होतं तसं करायची आणि तो यायच्या आत पुन्हा पुढे. असं तीनदा झालं.

"कानसेन फार दमतोय गं आपल्या घरी," मावशी म्हणाली. "आणि तू चहात आलं वाढवत चाललीस."

चौथ्यांदा आला तेव्हा त्यानं चहा घेतला नाही.

"दुसरा माणूस पाठवतो," तो म्हणाला. "खुणा बरोबर आहेत. म्हणजे माझे कानच गेले. काल दुकानातही एका गिऱ्हाइकाला सांगितलं, मला विचारू नका... ठरवलंय, हे काम सोडतो."

त्याच कानांवर तर ती भाळली होती, आणि तिनंच ते त्याच्याकडून काढून घेतले होते.

"कान ठणठणीत आहेत तुमचे," ती म्हणाली. "खुणा खोट्या आहेत. मी... सरकवल्या. स्पीकरसकट."

तो बघतच राहिला. मग मोजायची टेप काढून गुडघ्यावर बसला आणि भिंतीपासून मोजू लागला. खोलीत फक्त टेपची खरखर.

"तीन बोटं," तो म्हणाला.

"हो."

"पंधरा दिवस मला झोप नाही."

"माफ करा. तुम्ही यावं, एवढंच होतं. दुसरं कारण सुचेना."

तो रागावेल, उठून जाईल, याची तिनं तयारी केली. त्यानं स्पीकर मागे ढकलला, कान देऊन ऐकलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मग तो नखानं चिकटपट्ट्या उपटायला लागला. एकेक करत सगळ्या. त्यांची गोळी करून खिशात टाकली.

"खुणा नकोत?" तिनं विचारलं. "परत हलला तर?"

"रोज ऐकणारं माणूस घरात असलं की खुणा लागत नाहीत."

खालीच बघत म्हणाला हे. कान पुन्हा लाल.

"रोज?" ती म्हणाली.

"दुकान सातला बंद होतं," तो म्हणाला. "सव्वासातला येईन."