आधी वापरलेलं नाव

सिल्वासाजवळच्या सायलीतल्या आमच्या धाग्याच्या कंपनीत लोक पासवर्ड मॉनिटरवर चिकटवून ठेवायचे, वर चहावाल्यालाही सांगायचे. कॉम्प्युटर माझ्याकडे, शेवटी वैतागून मी नियमच लावला. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायचा आणि जुना पुन्हा चालणार नाही. सगळ्यांनी मला मनापासून शिव्या घातल्या.

डिस्पॅचला नवी लागलेली ममता मूळची साक्रीकडची, सामरवरणीत नवऱ्याबरोबर खोली करून राहायची. पहिल्याच दिवशी तिचा पासवर्ड अडला. 'हा आधी वापरलेला आहे,' असं पडद्यावर आलं. तिचं खातं मी त्याच सकाळी उघडलं होतं, मागचं काही नव्हतंच. तोच शब्द मी माझ्या खात्यात टाकला, तर सिस्टमने मुकाट घेतला.

शब्द म्हणजे घरच्या शेळीला दोघा भावंडांनी लहानपणी गुपचूप ठेवलेलं नाव.

"हे फक्त मले आन् गोकुळभाऊले माहीत," ती म्हणाली.

गोकुळ तिचा थोरला भाऊ, इथेच मशीनवर होता. एका सकाळी खोलीवरून कामाला निघाला, तो कंपनीत पोचलाच नाही. त्याचा शोध लागेल या आशेनेच ती सिल्वासात आली होती. मशीनवरच्यांना कॉम्प्युटरचं खातं नसतं, हे मी तिला समजावलं. "तरी वापरलं ते त्यानंच," ती म्हणाली.

पुढे दर वेळी तेच. दोघांनाच ठाऊक असलेला एखादा शब्द ती टाकायची, सिस्टम नाकारायची आणि ती दिवसभर खुशीत असायची. "जित्ता आहे तो, सर." इतर कुठलाही शब्द बिनतक्रार चालायचा. बिघाड शोधणं माझं काम होतं, पण तिची कीव यायची. मी हात लावला नाही.

परवा जेवणाच्या सुट्टीत तिने मला बोलावलं. बाहेर ट्रकवर ताडपत्री ओढत होते. तिला सातवा महिना. पडद्यावर तीच ओळ होती, पण आज ती हसत नव्हती.

"बाळाचं नाव टाकलं, सर. मनातच ठरवलंय. यांलेबी सांगितलं नाही, कोणलेच नाही."

मला आधी कळलंच नाही.

"जित्त्या माणसाले हे कसं कळंन?"

मी तिला पाणी आणून दिलं.

ती पोटावर हात ठेवून बसली. मग ओठातल्या ओठात "हे नाव दे ना भाऊ" म्हणाली आणि तेच नाव पुन्हा टाकलं.

सिस्टमने घेतलं.

थोड्या वेळाने तिने शेळीचं नाव टाकून पाहिलं.

तेही घेतलं.