तार काढल्यावर

स्वप्नानं पलूसच्या घरी कॉम्प्युटर आणला, तेव्हा मी नुकतीच पेपर वाचायला शिकले होते. माझी ही लेक सांगलीत कॉम्प्युटरचा क्लास घ्यायची. रविवारी दुपारी तिनं फोनची तार त्याला जोडली. बराच वेळ किरकिर झाली, मग परदेशातली कुणी बाई गायला लागली.

"कॅसेट कुठं हाय?" मी विचारलं.

"कॅसेट न्हाई. आवाजाचं तुकडं तारंतनं येत्यात. हितं थोडं साठलं, की वाजतं."

"आन् तार काढली तर?"

"साठल्यालं सरूस्तवर वाजंल."

मी तार काढली. बाईनं दोन ओळी म्हटल्या आणि ती गप्प झाली.

स्वप्ना हसली. "तुझा कशावरच इश्वास न्हाई, आई."

तिनं पुन्हा तार जोडली. गाणं मधेच अडलं.

"बिघडलं व्हय?"

"न्हाई गं. गप्प झालं म्हंजी संपलं न्हवं. साठतंय."

ती चहा टाकायला आत गेली. गाणं सुरू झालं, आणि गाण्याखाली हलगी. प्रत्येक ठोक्याला चर्र असा फाटका आवाज.

आमचे आबा, माझे वडील, गावात हलगी वाजवून दवंडी द्यायचे. त्यांच्या हलगीचं कातडं कडेला फाटलं होतं. चावडीवरून हाक आली की 'जी' म्हणायचं, आणि ज्यानं 'जी' म्हटलं त्यानं गावकीच्या कामाला जायचं. छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन आले, त्या दिवशी आबांनी ती हलगी चुलीत घातली. 'जी' हा शब्द घरातून गेला.

मी तार काढली. साठलेली ओळ सरली आणि बाई थांबली.

हलगी थांबली नाही.

"धुळा." आबांचं नाव. जडसा, पुरुषी आवाज. "धुळाच्या घरात कोण हाय? चावडीवर या."

"कोण बोलावतंय गं?" स्वप्ना आतून म्हणाली.

"तू बोलू नगंस."

माझ्या जिभेवर तो शब्द आला होता. मी तो गिळला.

"भामाबाई हाय," मी म्हणाले. "येणार न्हाई. माझी लेकबी येणार न्हाई."

हलगी थांबली.

स्वप्ना दारात आली. तिच्या हातात चहाचे कप होते. "आई, गप्प झालं ते."

"साठतंय," मी म्हणाले.

कातडं शेकल्याचा वास आला. वाजवण्याआधी हलगी जाळावर शेकतात, मग ताणली का ते बोटानं टिचकी मारून बघतात.

तार फरशीवर पडली होती. मी खुर्ची ओढून स्वप्नाच्या आणि त्या डब्याच्या मधे बसले.

"वाजीव," मी म्हणाले. "मी हितंच हाय."

डब्याच्या आतून टिचकी आली.